अकरा हात

हार्लिंगेनच्या धक्क्यावर, मासळीच्या गाड्यामागे,
सिट्स्के हातातली डबी माझ्यापुढे धरते.
"हे बघ. हे नाणं माझं आहे.
माझं म्हणजे, होतं."

करड्या काचेवर एक ओळ:
अडीच गिल्डर. पूर्वी आपल्याकडे होते.

ती ओळ माझीच. तिसऱ्या मजल्यावर,
हीटर बंद पडलेल्या जानेवारीत, वैतागून लिहिलेली.
बाकी सगळं पुसता आलं होतं आम्हाला.
बँक सही करते ती डोळे झाकून:
बंद लिफाफा, आत कार्बनचा कागद,
वरून दाबलेली सही आत उमटते,
आतलं नाणं बँकेनं कधी पाहिलेलंच नसतं.
मग ते निघतं. ना नाव, ना गाव.
डबीला डबी टेकते आणि हातोहात जातं,
मध्ये तार नाही, वही नाही, कुणाला विचारणं नाही.
प्रत्येक हात आपला एक मुका दुवा मागे ठेवतो,
नाणं तेवढंच जड होतं.
(हलकं ठेवून पाहिलं. जमत नाही.
जमत नाही हे सिद्धही करता येतं.)

लबाडाचं नाव तेवढं आत ठेवलंय, फाडून, अर्धं अर्धं.
एकदा खर्चलं तर एकच अर्ध, कुणाला न लागणारं.
तेच नाणं दोनदा खर्चलं
की दोन अर्धी शेजारी येतात
आणि माणूस आपल्याच तोंडानं आपलं नाव सांगतो.

एक गोष्ट मात्र पुसली गेली नाही.
आपल्या हातून गेलेलं नाणं फिरून आलं
तर आपण ते ओळखणार.
आपलंच अक्षर कसं विसरायचं?
निबंधात आम्ही त्याला उणीव म्हटलं,
दोन ओळींत उरकलं.

"योरिटला दिलं होतं. मार्चमध्ये,
भांडलो त्या सकाळी. भाड्यासाठी एकशेवीस गिल्डर,
त्याच्याकडे न बघता."
त्यानंतर पत्र नाही. आता ऑक्टोबर सरत आलाय.

मी डबीला केबल जोडतो, दुवे मोजतो.
तिच्यानंतर अकरा.
पहिला योरिटचा. शेवटचा, आत्ताच दोन हेरिंग घेऊन गेलेल्या
भिजल्या केसांच्या मुलीचा.
मधले नऊ.

"कुठे खर्चलं त्यानं?"
माहीत नाही.
"कधी?"
वेळ आम्ही मुद्दामच ठेवली नाही.
"अरे, पण तूच बनवलंयस ना हे?"
म्हणून तर माहीत नाही, मी म्हणतो,
आणि माझं मलाच ते निर्लज्ज वाटतं.

ती एप्रनसकट धावते, तेरस्खेलिंगच्या बोटीपर्यंत.
मुलगी गोंधळते: सायकलवाल्यानं परत दिले असतील,
नाहीतर त्या बेकरीत, नाहीतर...
भोंगा होतो.

बँकेला विचारू म्हणते.
बँक कानावर हात ठेवेल,
आणि या एका बाबतीत खरं बोलत असेल.

सिट्स्के सुरी पुसत राहते. पुसून झालेली सुरी पुन्हा पुसते.
"डबीला डबी टेकवायला किती जवळ यावं लागतं?"
हातभर.
"म्हणजे कुणीतरी त्याच्या हातभर जवळ होतं."
मी हो म्हणतो.
इतकं नक्की सांगता येण्यासारखं
माझ्याकडे दुसरं काही नाही.

म्हातारा वीब्रेन येतो, एक बांगडा, सुटे परत.
डबी आपण होऊन नाणं निवडते:
जड असेल ते आधी घालवायचं,
हा नियमही माझाच.
माझा हात अर्धवट उचलला जातो.
तिनं काचेकडे पाहिलं की नाही, सांगता येत नाही.
बटण दाबलं.

वीब्रेन शिट्टी वाजवत गेला, खिशात अडीच गिल्डर.
त्या साखळीत आता तिचे दोन दुवे आहेत.
दोन्ही एकाच बाईचे, हे कुणालाच कळायचं नाही,
आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी
तिचा मुलगा आहे.